बूट फाइली होत्या, पण काढून ठेवलेल्या डिस्कवर

संगणक डेस्कटॉप होता, घरून हिशेबाचं काम करणाऱ्या एका ताईंचा. आत दोन डिस्क. पहिल्यापासूनची १ टीबीची हार्ड डिस्क आणि नंतर बसवलेली ५०० जीबीची एसएसडी. एसएसडी बसवली तेव्हा तिच्यावर विंडोज नव्याने टाकलेलं होतं. जुन्या डिस्कवर फक्त फोटो आणि जुन्या फाइली राहिल्या होत्या. अलीकडे ती डिस्क टकटक आवाज करायला लागली. ताईंच्या भाच्याने अगदी योग्य तेच केलं: तिच्यावरचं सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घेतलं, फाइली उघडून खात्री केली, मशीन बंद केलं आणि डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या. झाकण लावून बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, म्हणजे बूट करता येईल, संगणक सुरू करता येईल, अशी डिस्क निवडा.

माझ्याकडे मशीन येईपर्यंत बरंच काही करून झालं होतं. भाच्याने पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर चालवलं. ‘दुरुस्ती करता आली नाही’ असं उत्तर आलं. मग बूटरेक या बूट दुरुस्तीच्या साधनाच्या, जिथेतिथे सुचवल्या जाणाऱ्या तिन्ही कमांड दिल्या. फिक्सएमबीआर यशस्वी झाली म्हणाली, फिक्सबूटने ‘एलिमेंट नॉट फाउंड’ असा नकार दिला, आणि रीबिल्डबीसीडीला विंडोज दिसत असूनही यादीत घालता येईना. शेवटी कुणा जाणकाराने सांगितलं की विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून नव्याने टाकावं लागेल. ताईंचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे सगळे हिशेब गेले का हो?” हिशेबाच्या कामाच्या फाइली एसएसडीवरच होत्या आणि त्यांचा ताजा बॅकअप नव्हता.

मी त्यांना म्हटलं, “ताई, फॉरमॅटचं आत्ता मनातही आणू नका. विंडोजला काही झालंय असं अजून कशावरूनच दिसत नाही.” धीर द्यायला म्हणून मी तसं बोललो नव्हतो. पडद्यावरच्या त्या एका ओळीतच ते कळत होतं.

ती ओळ कोणाची

संगणक सुरू होताना एक जण दुसऱ्याच्या हाती काम सोपवत जातो, आणि प्रत्येकाची तक्रार करण्याची भाषा वेगळी असते. हल्लीच्या युईएफआय मशीनमध्ये (संगणक सुरू करण्याची ही नवी पद्धत, जुनी ती बायोस) क्रम असा: मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच बसवलेला प्रोग्राम, आधी जागं होतं. त्याच्या स्वतःच्या कायमस्वरूपी स्मृतीत बूटच्या नोंदी असतात. प्रत्येक नोंदीत कोणत्या पार्टिशनवरची, म्हणजे डिस्कच्या कोणत्या भागावरची, कोणती फाइल चालवायची ते लिहिलेलं असतं. विंडोजच्या नोंदीचं नाव ‘विंडोज बूट मॅनेजर’. ती नोंद ईएफआय सिस्टम पार्टिशनकडे, म्हणजे ईएसपीकडे, बोट दाखवते. हे फॅट३२ पद्धतीचं एक छोटंसं पार्टिशन असतं, विंडोजमध्ये एरवी त्याला ड्राइव्हचं अक्षरही नसतं. त्यातल्या ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट या फोल्डरांच्या आत ‘बूटएमजीएफडब्ल्यू’ ही फाइल असते, हाच बूट मॅनेजर. तो शेजारचीच बीसीडी नावाची फाइल वाचतो, विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे ते तिथून शोधतो आणि ‘विनलोड’ला हाक मारतो. विनलोड विंडोजच्या फोल्डरात असतो. तो कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि सुरुवातीचे ड्रायव्हर मेमरीत आणतो. विंडोज खरं सुरू होतं ते इथून.

आता पाट्या बघा. निळ्या पडद्यावर ‘तुमच्या पीसीला दुरुस्तीची गरज आहे’ असं येऊन बीसीडीचं किंवा विनलोडचं नाव दिसत असेल, तर बूट मॅनेजर सापडलेला आहे आणि चाललेलाही आहे. अडचण त्याच्या पुढे आहे. विंडोजचा लोगो येऊन गोल फिरत राहत असेल, तर बूट फाइली ठीक आहेत. त्यांच्या मागे लागण्यात वेळ जाईल. जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ येतं, ती ओळ पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमधला (डिस्कच्या सर्वात छोट्या कप्प्यातला) छोटा कोड लिहितो. विंडोज एक्सपीच्या काळात त्याच जागी ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ यायचं, कारण तेव्हा लोडरचं नाव ते होतं आणि बीसीडीऐवजी बूट.आयएनआय ही साधी मजकुराची फाइल होती. व्हिस्टापासून ती पद्धत बदलली.

ताईंच्या मशीनवरची ओळ यातली कुठलीच नव्हती. ती फर्मवेअरची स्वतःची होती: ‘बूट करण्यासारखं मला काही सापडत नाही’. विंडोज बिघडलंय की धडधाकट आहे, हे फर्मवेअरला कळण्याची वेळच आली नव्हती. ‘विंडोज उडालं’ हे निदान त्या ओळीवरून काढताच येत नाही.

काय आहे आणि काय नाही

प्रथम फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये गेलो. स्टोरेजच्या पानावर एसएसडी आपल्या नावानिशी दिसत होती, म्हणजे वायर, पॉवर आणि डिस्क तिन्ही जिवंत. बूटच्या पानावर मात्र ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही नोंद नव्हती. नोंद ज्या पार्टिशनकडे बोट दाखवते ते सापडेनासं झालं की बरेच मदरबोर्ड ती नोंद स्वतःहून काढून टाकतात. इथेच संशय पक्का व्हायला लागला: एसएसडी जागेवर असूनही जर नोंद गेली, तर ती नोंद एसएसडीवरच्या पार्टिशनची नव्हतीच.

मग विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावला. तो दुसऱ्या कोणत्याही चालू संगणकावर तयार करता येतो, ८ जीबीचा पुरतो. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा ‘युईएफआय’ शब्दासह. या शब्दासहचाच निवडायचा. नाहीतर पुढची सगळी दुरुस्ती जुन्या पद्धतीने झाली तरी कळत नाही. भाषा विचारणारा पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबायचं, कमांड प्रॉम्प्ट उघडतो. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

डिस्कपार्ट, म्हणजे डिस्क आणि पार्टिशन हाताळण्याचं साधन, उघडून ‘लिस्ट डिस्क’ दिलं. डिस्क ० म्हणून ४६५ जीबी आणि तिच्या ओळीच्या टोकाला जीपीटीच्या (पार्टिशनचा तक्ता ठेवण्याच्या नव्या पद्धतीच्या) रकान्यात तारा. डिस्क १ पेनड्राइव्ह. ‘सिलेक्ट डिस्क ०’ करून ‘लिस्ट पार्टिशन’ दिलं. दोनच ओळी आल्या. पहिली: रिझर्व्ड, १६ एमबी. दुसरी: प्रायमरी, उरलेली सगळी जागा. ‘सिस्टम’ प्रकारचं पार्टिशन नाही. संपूर्ण प्रकरणाचं उत्तर या दोन ओळींत होतं, आणि ते पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही.

एसएसडीवर बूट फाइली ‘गहाळ’ नव्हत्या. त्या तिथे कधी ठेवल्याच गेल्या नव्हत्या. एसएसडी बसवून विंडोज टाकलं तेव्हा जुनी हार्ड डिस्क मशीनमध्येच जोडलेली होती, आणि तिच्यावर आधीच्या विंडोजचं ईएसपी तयार होतं. अशा वेळी विंडोजचं सेटअप पुष्कळदा नवं ईएसपी बनवत नाही. जे आहे त्यातच नव्या विंडोजचा बूट मॅनेजर आणि बीसीडी ठेवून मोकळं होतं. तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक काही नाही, मशीन उत्तम चालतं. फक्त सी: ड्राइव्ह एका डिस्कवर आणि त्याला उठवणारी फाइल दुसऱ्या डिस्कवर अशी विभागणी होऊन बसते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. एखादी डिस्क निवृत्त करायची वेळ येईपर्यंत कळण्याचं कारणही नसतं.

‘लिस्ट व्हॉल्यूम’मध्ये विंडोजच्या पार्टिशनला सी: हे अक्षर मिळालेलं दिसलं. पेनड्राइव्हच्या वातावरणात अक्षरं बदलू शकतात, आपलं नेहमीचं सी: तिथे डी: म्हणून दिसू शकतं, म्हणून डीआयआर ही आतली यादी दाखवणारी कमांड देऊन आत ‘विंडोज’ आणि ‘युजर्स’ आहेत ना हे पाहिलं. होते. ताईंच्या नावाचं फोल्डर, त्यात हिशेबाचं फोल्डर. ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद नव्हता. असता तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी घेतल्याशिवाय मी पुढे गेलो नसतो.

त्या तीन कमांड का चालल्या नाहीत

बूटरेकच्या कमांड इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी सुचवल्या जातात की त्या कशासाठी आहेत हे विचारायचं राहून जातं. फिक्सएमबीआर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला कोड नव्याने लिहिते. तो सेक्टर ५१२ बाइटचा: ४४६ बाइट कोड, ६४ बाइट पार्टिशनचा तक्ता, शेवटचे २ बाइट सही. बायोस पद्धतीत संगणक हा कोड खरोखर चालवायचा. जीपीटी डिस्कवर तो सेक्टर नुसता राखणदार म्हणून असतो आणि युईएफआय बूट करताना तो कोड चालवतच नाही. त्यामुळे ‘यशस्वी’ हे उत्तर खरं होतं, पण त्याचा या मशीनशी संबंध नव्हता. फिक्सबूटला सिस्टम पार्टिशन लागतं, ते नव्हतं. रीबिल्डबीसीडीने विंडोज शोधून काढलं, पण त्याची नोंद लिहायला बीसीडी ठेवण्याची जागा नव्हती. स्टार्टअप रिपेअरचीही तीच गत.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलं ते हे. ही सगळी साधनं जागा आहे असं गृहीत धरून त्या जागेतल्या वस्तू दुरुस्त करतात. दाराची चौकटच नसताना कुलूप बदलून काय उपयोग? म्हणून कुठल्याही दुरुस्तीच्या कमांडआधी ‘लिस्ट पार्टिशन’.

आणि फॉरमॅटचा सल्ला ऐकला असता तर? मशीन सुरू झालं असतं. जुनी डिस्क काढलेली असल्याने सेटअपने या खेपेला एसएसडीवरच ईएसपी बनवलं असतं, विंडोज झटकन उठलं असतं, आणि ‘विंडोजच उडालं होतं’ हे चुकीचं निदान कायमचं बरोबर ठरून गेलं असतं. ताईंचे हिशेब तेवढे गेले असते. फॉरमॅटने मशीन चालू झालं याचा अर्थ बिघाड विंडोजमध्ये होता असा होत नाही.

आधी डेटा

दुरुस्ती करण्याआधी जुनी डिस्क मी पुन्हा जोडली. दोन कारणं होती. एक म्हणजे तर्क तपासून पाहणं: मशीन पूर्वीसारखंच सुरू झालं, ताईंचा डेस्कटॉप समोर आला, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’ ही अक्षरं जुन्या डिस्कवरच्या १०० एमबीच्या तुकड्यावर दिसली. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मशीन चालू असतानाच हिशेबाच्या सगळ्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. पुढे पार्टिशनची काटछाट करायची होती, आणि बॅकअप नसलेल्या डिस्कवर ती मी करत नाही.

जुनी डिस्क पूर्ण मेलेली असती तरी डेटा काढता आला असता. पेनड्राइव्हच्या त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नोटपॅड’ टाइप करायचं, फाइल मेन्यूतून ‘ओपन’ उघडायचं, खाली ‘ऑल फाइल्स’ निवडायचं. ती छोटी खिडकी एक साधा फाइल एक्सप्लोररच असते. फोल्डर कॉपी करून बाहेरच्या ड्राइव्हवर पेस्ट करता येतो. प्रगती दाखवणारी पट्टी दिसत नाही, म्हणून घाई न करता थांबावं लागतं.

बॅकअप झाल्यावर मशीन बंद केलं आणि जुनी डिस्क परत काढली. हे मुद्दाम. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना दुरुस्ती केली तर बूट फाइली पुन्हा जुन्याच ईएसपीमध्ये जाऊन पडण्याचा धोका राहतो.

दुरुस्ती

पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा डिस्कपार्ट. सी: व्हॉल्यूम निवडून ‘श्रिंक डिझायर्ड=३०० मिनिमम=३००’ दिलं. विंडोजच्या पार्टिशनच्या टोकाकडून ३०० एमबी मोकळे झाले. १०० एमबीतही काम भागतं, पण काही डिस्कवर फॅट३२ला किमान २६० एमबी लागतात, शिवाय पुढे दुसरी एखादी सिस्टम शेजारी टाकायची झाली तर अडचण नको. मग ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=३००’, ‘फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२’, ‘असाइन लेटर=एस’. फॉरमॅटची कमांड देण्याआधी कोणतं पार्टिशन निवडलेलं आहे ते ‘लिस्ट पार्टिशन’मध्ये ताऱ्याच्या खुणेवरून पाहून घ्यायचं. या सगळ्या कामात जीव मुठीत धरावा असा क्षण हा एकच, आणि तो बघून घेतला की पुढचं निर्धास्त.

भाचा शेजारीच बसला होता. त्याने विचारलं, “पण काका, हे तर डिस्कच्या शेवटी आलं. बूटचं पार्टिशन सुरुवातीला नको का?” प्रश्न चांगला होता. युईएफआय जागा बघत नाही, प्रकार बघतं. जीपीटीच्या तक्त्यात प्रत्येक पार्टिशनला त्याच्या प्रकाराचा एक ठरलेला लांबलचक ओळखक्रमांक असतो. ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय’ने तोच दिला. सुरुवातीला असो की शेवटी, फर्मवेअरला ते सापडतं.

डिस्कपार्टमधून बाहेर येऊन एकच कमांड: बीसीडीबूट, मग विंडोज फोल्डरचा पत्ता म्हणजे सी:\विंडोज, मग /एस आणि नव्या पार्टिशनचं अक्षर एस:, शेवटी /एफ युईएफआय. उत्तर आलं, ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’. बीसीडीबूट मला बूटरेकपेक्षा नेहमीच जास्त भरवशाचं वाटतं. ते मोडकं सांधत बसत नाही. ताईंच्या स्वतःच्या विंडोज फोल्डरात बूट फाइलींची जी प्रत असते ती उचलून ईएसपीमध्ये ठेवतं आणि बीसीडी कोरी नवी बनवतं. पेनड्राइव्ह थोड्या वेगळ्या आवृत्तीचा असला तरी बूट फाइली मशीनवरच्या विंडोजशी जुळणाऱ्याच मिळतात. अक्षरांचाही घोळ होत नाही, कारण बीसीडीमध्ये पार्टिशनची नोंद अक्षराने नसते, त्याच्या ओळखक्रमांकाने असते. एस: हे अक्षर त्या बैठकीपुरतंच होतं.

डीआयआर एस:\ईएफआय देऊन पाहिलं. ‘बूट’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट’ ही दोन फोल्डरं आली होती. पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट करून आधी फर्मवेअरमध्ये गेलो. ‘विंडोज बूट मॅनेजर’ यादीत, शेजारी एसएसडीचं नाव. तो पहिल्या क्रमांकावर ठेवून सेव्ह केलं. काही सेकंदांत लॉगिनचा पडदा आला. ताईंनी सगळ्यात आधी हिशेबाचं फोल्डर उघडून चालू महिन्याची फाइल पाहिली.

तुमच्या मशीनवर वेगळं दिसलं तर

‘लिस्ट पार्टिशन’मध्ये सिस्टम पार्टिशन असेल, पण आत फाइली नसतील किंवा बिघडल्या असतील, तर नवं पार्टिशन बनवायचं कारण नाही. त्याला अक्षर द्यायचं, चेकडिस्क /एफने फाइल व्यवस्था तपासायची आणि थेट बीसीडीबूट. जीपीटीच्या रकान्यात तारा नसेल, तर डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे. तिथे बूट फाइली असलेलं पार्टिशन ‘ॲक्टिव्ह’ असावं लागतं, बीसीडीबूटला /एफ बायोस द्यावं लागतं, आणि फिक्सएमबीआर तिथे खरोखर कामाची. एसएसडी फर्मवेअरमध्येच दिसत नसेल, तर यातलं काहीही करू नका. आधी वायर, पोर्ट आणि डिस्क.

चालू मशीनमधली जुनी डिस्क काढायचा विचार असेल तर काढण्याआधी डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’ हे शब्द कोणत्या डिस्कवर आहेत ते पाहा. ते सी:च्याच डिस्कवर असतील तर खुशाल काढा. आणि नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना बाकीच्या डिस्कची वायर काढून ठेवा, एम.२ प्रकारची डिस्क काढणं अवघड असेल तर तिचं पोर्ट फर्मवेअरमधून तेवढ्यापुरतं बंद करा. मग सेटअपला ईएसपी त्याच डिस्कवर बनवावं लागतं.

राहता राहिली ताईंची जुनी डिस्क. तिच्यावर अजून एक ईएसपी आहे आणि त्यातली बीसीडी या एसएसडीवरच्या विंडोजकडेच बोट दाखवते. ती डिस्क कधी याच मशीनला पुन्हा जोडली, तर बूटच्या यादीत दोन विंडोज बूट मॅनेजर दिसू शकतात आणि मशीन परत जुन्यावरून उठायला लागू शकतं. म्हणून भाच्याला सांगून ठेवलंय की टाकून देण्याआधी डिस्क दुसऱ्या संगणकाला यूएसबीने जोड, डिस्कपार्टमध्ये आकारावरून नीट ओळखून निवड, आणि मगच तिच्यावरची सगळी पार्टिशनं पुसणारी ‘क्लीन’ कमांड दे.